कमी रनिंगची स्पोर्ट्स कार घेताय? आधी ती उभी कशी होती ते बघा

‘फर्स्ट ओनर, आठ वर्षांत अकरा हजार किलोमीटर, बंगल्यात उभी.’ अशा गाडीचा फोटो मोबाइलवर आला की निम्मा सौदा मनात तिथंच होतो. त्याआधी साधा भागाकार करा. आठ वर्षांत अकरा हजार म्हणजे महिन्याला जेमतेम ११५ किलोमीटर. मालक महिन्यातून एकदा गगनबावड्याला जाऊन येत असेल, तर ती गाडी उत्तम. रोज घर ते दुकान तीन-चार किलोमीटर फिरवत असेल, तर त्या इंजिनला नीट तापायला कधी मिळालेलंच नाही. आणि पहिल्या दोन वर्षांत हौस भागवून पुढची सहा वर्षं ती कव्हरखाली राहिली असेल, तर ते प्रकरण आणखी निराळं. मीटर तिघींचा एकच, घेतल्यानंतरच्या खर्चात मात्र लाखांचा फरक.

म्हणून विक्रेत्याला ‘रनिंग किती?’ विचारून थांबू नका. शेवटची शंभर किलोमीटरची फेरी कधी झाली, गेला पावसाळा गाडीनं कुठं काढला आणि शेवटचं ऑइल कोणत्या तारखेला बदललं, हे तीन प्रश्न विचारा. उत्तर तारखेनिशी आणि बिलानिशी आलं, तरच गाडी बघायला जा.

उभ्या गाडीत काय बिघडतं

टायरपासून सुरुवात करा, कारण टायर खोटं बोलत नाही. बाजूच्या भिंतीवर डीओटी या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. ‘२३१७’ म्हणजे २०१७ सालचा २३वा आठवडा. खाचा नव्यासारख्या खोल दिसतात, पण सहा वर्षांच्या पुढचं रबर कडक झालेलं असतं. स्पोर्ट्स कारच्या मऊ रबराला हे जास्तच लागू. कोरड्या रस्त्यावर कळत नाही. पहिल्या पावसात ओल्या वळणावर मागचं चाक सुटतं तेव्हा कळतं. १९ इंची चार चांगल्या टायरांचा सेट लाखाच्या पुढे सहज जातो, त्यामुळे जुने टायर दिसले की तो आकडा लगेच वहीत टिपा. गाडी महिनोन्‌महिने एकाच जागी राहिली असेल तर टायर खाली चपटा पडतो आणि ६०-८० च्या वेगाला स्टिअरिंगमध्ये थरथर येते. वीस किलोमीटर चालवूनही ती गेली नाही, तर टायर कायमचा गेला.

ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं. गाडी चालो न चालो, ते दर दोन वर्षांनी बदलायचं असतं. पाण्याचं प्रमाण मोजणारा पेनाएवढा टेस्टर स्वस्तात मिळतो. त्यात तीन टक्क्यांच्या पुढे आकडा आला तर घाट उतरताना ऑइल उकळून पेडल मऊ पडायचा धोका आहे. त्याच ओलीनं कॅलिपरच्या (ब्रेक पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या) आत गंज चढतो आणि पिस्टन अडकतो. वीस-पंचवीस किलोमीटर चालवून थांबलात की चारही चाकांजवळ हात न लावता उष्णता अजमावा. एकच चाक भट्टीसारखं तापलं असेल तर त्याचा कॅलिपर धरतोय.

पेट्रोलचा मुद्दा आपल्याकडे सहसा निघत नाही, पण तो मोठा आहे. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. त्यातलं काही इथेनॉल उसापासून येतं, तेव्हा कोल्हापूरकरांना ते नवं नाही. पण इथेनॉल पाणी ओढतं. अर्धी टाकी ठेवून गाडी सहा महिने उभी राहिली की वरच्या रिकाम्या जागेतली ओल त्यात उतरते, पेट्रोल शिळं होऊन चिकट थर धरतं, आणि पंप, इंजेक्टर व जुने रबरी पाइप यांना त्रास सुरू होतो. २०१०च्या आसपासच्या युरोपियन गाड्या एवढ्या मिश्रणासाठी बनवलेल्या नाहीत. टाकीचं झाकण उघडून वास घ्या. वॉर्निशसारखा आंबूस वास आला तर टाकी रिकामी करून धुणं, फिल्टर आणि बहुधा पंपाचा खर्च धरून चला.

इंजिनचे आणि गिअरबॉक्सचे ऑइल सील तेलात भिजत राहिले तरच लवचिक राहतात. उभ्या गाडीत ते सुकतात, आणि नवा मालक हौसेनं चालवू लागला की महिन्याभरात गळती सुरू होते. एसीच्या कॉम्प्रेसरचं सीलही असंच जातं. कूलंटचे होज पाइप बोटांनी दाबून बघा: करकर आवाज आला किंवा वर बारीक चिरा दिसल्या तर बदलायचे. बॅटरी गाडी बंद असताना १२.६ व्होल्टच्या आसपास हवी, १२.२ म्हणजे ती निम्मी उतरलेली. बीएमडब्ल्यूसारख्या गाड्यांत नवी बॅटरी बसवल्यावर स्कॅनरनं तिची नोंद करावी लागते. ती केली नाही तर नवीसुद्धा लवकर मरते.

आणि उंदीर. शेताजवळच्या बंगल्यात, ऊसतोडीच्या दिवसांत उंदीर-घुशी आसरा शोधत थेट बॉनेटखाली येतात. इंजिनवरचं प्लास्टिक कव्हर काढायला लावा, खाली लेंड्या, कापूस, कुरतडलेला स्पंज दिसतो का बघा. एअर फिल्टरची पेटी उघडाच. कुरतडलेलं वायरिंग टेप लावून जोडलेलं असेल तर ती गाडी कितीही स्वस्त मिळो, सोडा. असा दोष शोधण्यात महिने जातात.

थोडं-थोडं चाललेल्या गाडीचा रोग वेगळा. इंजिन तापत नाही, त्यामुळे तेलात पेट्रोल आणि पाण्याची वाफ साठते. ऑइल भरायच्या झाकणाखाली पांढुरकी मलई दिसली तर हेच कारण (हेड गॅसकेट गेलेलं असलं तरीही असंच दिसतं, म्हणून कूलंटची पातळीही बघा). थेट सिलिंडरमध्ये इंधन फवारणाऱ्या इंजिनात व्हॉल्व्हच्या पाठीवर काजळीचा थर बसतो, कारण पेट्रोल त्यांना धुवायला तिथं पोचतच नाही. उपाय आहे: अक्रोडाच्या टरफलांचा भुगा हवेच्या दाबानं मारून ती साफ करतात. हे काम त्याचं मशीन असलेल्या गॅरेजमध्येच करून घ्या.

कोणत्या गाडीत नेमकं काय

पोर्शे बॉक्स्टर, केमन किंवा ९११ बघत असाल तर मॉडेलचं वर्ष सगळ्यात आधी. १९९७ ते २००८ या काळातल्या एम९६ आणि एम९७ इंजिनांत आयएमएस (इंजिनमधल्या इंटरमीडिएट शाफ्टचं) नावाचं एक बेअरिंग आहे. ते फुटलं की अख्खं इंजिन जातं. विशेष म्हणजे भरपूर चाललेल्या गाड्यांपेक्षा कमी आणि हळू चाललेल्या गाड्यांत त्याची भीती जास्त धरतात, कारण जुन्या ऑइलातली ओल आणि आम्ल बेअरिंगला खातात. ते बदलल्याचं बिल मागा. बिल नसेल तर ऑइल फिल्टर उघडून घडीतले चकचकीत धातूचे कण शोधा. ३.४ लिटर आणि त्यावरच्या या इंजिनांत सिलिंडरच्या भिंतीवर ओरखडे पडतात. त्यासाठी बोअरस्कोप (नळीवरचा बारीक कॅमेरा) घालून बघणं सक्तीचं माना. २००९ पासूनच्या नव्या इंजिनात हे बेअरिंगच नाही. बजेट थोडं ताणून २००९ नंतरची घेणं शहाणपणाचं.

ऑडी टीटीच्या दुसऱ्या पिढीतल्या २.० टीएफएसआय इंजिनात टायमिंग चेनचा टेन्शनर (चेन ताणून धरणारा भाग) हा कच्चा दुवा, विशेषतः २०१२च्या आधीच्या गाड्यांत. सकाळी थंड इंजिन सुरू करताना एक-दोन सेकंद खडखड आली तर सावध व्हा. चेन सुटली तर व्हॉल्व्ह वाकतात. क्वाट्रोच्या, म्हणजे चारही चाकांना ताकद देणाऱ्या टीटीच्या, मागच्या हॅल्डेक्स क्लचचं तेल वर्षांच्या हिशेबानं बदलायचं असतं, पण ‘गाडी चाललीच कुठं?’ म्हणून ते राहून जातं.

पोलो जीटीआयमध्ये सात गिअरचा कोरड्या क्लचचा डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) आहे, त्याचा मेकॅट्रॉनिक भाग (गिअर बदलणारं युनिट) नाजूक. ऑक्टाव्हिया आरएस २३० मधला सहा गिअरचा ओला डीएसजी जास्त दणकट, पण त्याचं तेल ६०,००० किलोमीटरला बदलायचं असतं. रनिंग कमी असेल तर पाच-सहा वर्षांनी बदललेलं बरं. अबार्थ पुंटोच्या १.४ टी-जेटला टायमिंगचा पट्टा आहे. पट्टा किलोमीटरवर जगतो तसा वर्षांवरही मरतो, तेव्हा बदलल्याचा पुरावा नसेल तर घेतल्याबरोबर बदलायचा. मस्टँग जीटीचं ५.० लिटर व्ही८ तुलनेनं सरळ इंजिन आहे. तिच्यात बघायचं ते पोट: ग्राउंड क्लिअरन्स अवघा १३७ मिलिमीटर आणि आपल्या गावठाणातले स्पीडब्रेकर कुणाच्या मापाचे नाहीत.

छत उघडणारी कोणतीही गाडी असो, छत चार वेळा पूर्ण उघड-बंद करा, आणि बादलीभर पाणी काचेच्या वरच्या कडेनं सोडा. छताच्या घडीतलं पाणी वाहून नेणारी भोकं पानांनी तुंबतात. जुन्या बॉक्स्टरमध्ये ते पाणी सीटखालच्या कंट्रोल मॉड्यूलवर जातं आणि गाडी चावीच ओळखेनाशी होते.

मीटर खरा की पाडलेला

मीटर मागं घेणं आज लॅपटॉपवरचं काम आहे. पण किलोमीटरची नोंद एकाच जागी नसते. बीएमडब्ल्यू आणि फोक्सवॅगन गटाच्या गाड्यांत ती एकाहून अधिक मॉड्यूलमध्ये राहते, आणि त्या ब्रँडचा नेमका स्कॅनर लावला की आकडे न जुळणं उघडं पडतं. पोर्शेच्या इंजिन कॉम्प्युटरमध्ये इंजिन किती तास चाललं तेही मिळतं. समजा १२,००० किलोमीटर आणि ४०० तास: सरासरी ताशी ३० किलोमीटर, पटण्यासारखं. १२,००० किलोमीटर आणि ९०० तास आले तर सरासरी १३. म्हणजे एक तर गाडी ट्रॅफिकमध्ये उभी राहून राहून झिजली, नाही तर मीटर पाडलाय. मॅन्युअल पोर्शेत तिथंच ओव्हर-रेव्हची नोंदही असते. चुकीचा गिअर पडून इंजिन मर्यादेबाहेर फिरलं असेल तर वरच्या टप्प्यांत आकडे दिसतात. तसे अलीकडच्या तासांतले दिसले तर नको.

दुसरा साक्षीदार फास्टॅग. फेब्रुवारी २०२१ पासून तो सक्तीचा आहे. मालकाकडून त्याचं स्टेटमेंट मागा. कोल्हापूर ते पुणे जाताना किणी, तासवडे, आनेवाडी आणि खेड-शिवापूर हे नाके लागतात, आणि जाऊन-येऊन साधारण ४६० किलोमीटर होतात. दोन वर्षांत अशा वीस फेऱ्या दिसल्या तर नुसत्या पुण्याचेच ९,२०० किलोमीटर झाले. मीटर तेवढ्या काळात सहा हजार दाखवत असेल, तर बोलणी तिथंच संपवा.

चेसिस नंबरवरून अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून आधीच्या सर्व्हिसची नोंद मालकाकरवी काढून घ्या. सीटबेल्टच्या मुळाशी आणि काचांवर त्या बनल्याची तारीख असते. एकच काच बाकीच्यांपेक्षा नवी असेल तर का, ते विचारा. ब्रेक डिस्कच्या कडेला बोट फिरवा. आठ हजार चाललेल्या गाडीत तिथं ठळक पायरी लागता कामा नये.

महापुराची गाडी

ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१. कोल्हापुरात या दोन तारखा डोक्यात ठेवल्याशिवाय जुनी गाडी बघूच नये. पंचगंगेचं पाणी शाहूपुरी, नागाळा पार्कपर्यंत आलं होतं, सांगलीतही तीच गत. तळघरात किंवा तळमजल्याच्या पार्किंगमध्ये उभी असलेली बुटकी स्पोर्ट्स कार सगळ्यात आधी बुडते. नंतर ती धुऊन, पॉलिश करून ‘कमी रनिंग’ म्हणून बाहेर येते, आणि रनिंग खरोखरच कमी असतं.

सीटबेल्ट पूर्ण ओढून शेवटचा हातभर भाग बघा, गाळाची रेषा तिथं राहते. सीट पुढं-मागं करून रुळाचे बोल्ट बघा. डिकीतलं स्टेपनीच्या जागेचं तळ, कार्पेटखालचा फेल्ट, फ्यूज बॉक्सचे पितळी टोक यांवर हिरवट बुरशी किंवा वाळलेली माती शोधा. गाडीत अत्तराचा भपका असेल तर काचा लावून दहा मिनिटं बसा. त्या काळातला विमा आणि क्लेम यांची कागदपत्रं मागा; एक वर्ष मधलंच गायब असेल तर कारण लेखी घ्या.

गोवा पासिंगच्या गाड्या स्वस्त वाटतात. त्यांच्या पोटाखाली खाऱ्या हवेचा गंज असतो. लिफ्टवर चढवून सबफ्रेम, ब्रेकच्या लोखंडी नळ्या आणि एक्झॉस्टचे जोड बघितल्याशिवाय टोकन देऊ नका.

बघायला जाण्याचा दिवस

सकाळी जा, आणि आदल्या रात्रीपासून गाडी सुरू करू नका असं सांगून ठेवा. पोचल्यावर बॉनेटवर हात ठेवा. कोमट लागलं तर कुणीतरी थंड स्टार्टचा दोष लपवतंय. रंगाची जाडी मोजणारं यंत्र न्या, अॅल्युमिनियमवर चालणारं. कंपनीचा रंग साधारण ९० ते १५० मायक्रॉन भरतो. २५० च्या पुढे म्हणजे पुन्हा रंगवलंय, ५०० च्या पुढे म्हणजे खाली लांबी (पुट्टी) भरलीय. बंपरवर पुन्हा रंग असणं चालतं. खांब आणि छतावर असेल तर अपघात.

आधी ताराराणी चौकाच्या गर्दीत पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगवा, डीएसजी आणि पीडीके (पोर्शेचा तसाच गिअरबॉक्स) दोन्ही धक्के देत असतील तर इथंच देतात. मग शिवाजी पूल ओलांडून वाघबीळवरून पन्हाळा. वीसेक किलोमीटरची ही वाट गाडीचं सगळं सांगून जाते. चढावर तापमानाचा काटा मधे स्थिर हवा. चौथ्या गिअरमध्ये ५० च्या वेगाला पूर्ण अॅक्सिलरेटर दिल्यावर आरपीएम वाढले आणि गाडी वाढली नाही, तर क्लच घसरतोय. उतरताना, मागं कुणी नाही बघून, चार-पाच ठाम ब्रेक मारा: सुरुवातीची घरघर वरच्या गंजाची, ती जाते. नाही गेली तर डिस्क बदलायच्या. परत येऊन गाडी दहा मिनिटं बंद ठेवा, पुन्हा सुरू करा, खाली पुठ्ठा टाकून गळती बघा.

त्यानंतरची तपासणी त्या ब्रँडचं काम रोज करणाऱ्याकडूनच करवा, त्यासाठी पुणं, मुंबई किंवा बंगळूर गाठावं लागलं तरी. उद्यमनगरातले कारागीर बुशपासून शाफ्टपर्यंत काहीही हुबेहूब घडवून देतात, ही कोल्हापूरची खरी श्रीमंती आहे. पण पोर्शेच्या कॉम्प्युटरमधले आकडे वाचायला त्यांचं कसब कामाला येत नाही. लीकडाउन टेस्ट मागा, म्हणजे सिलिंडरमध्ये दाबानं हवा भरून ती किती टक्के गळते ते मोजणं. दहा टक्क्यांच्या आत उत्तम, वीसच्या पुढे एखादा सिलिंडर गेला तर इंजिन उघडावं लागेल.

कागद

राज्यातलीच गाडी असेल तर फॉर्म २९ आणि ३०, आरसी, विमा, पीयूसी. बँकेचा बोजा असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचा दाखला, पैसे द्यायच्या आधी. विकणाऱ्यानं १४ दिवसांत आणि घेणाऱ्यानं ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. विमाही १४ दिवसांत नावावर करून घ्या. नो क्लेम बोनस जुन्या मालकाचाच राहतो, फरक तुम्हाला भरावा लागतो.

परराज्यातली गाडी असेल तर फॉर्म २८ ची एनओसी हवी. बारा महिन्यांच्या पुढे ती इथं ठेवायची तर कोल्हापूरचं एमएच ०९ पासिंग आणि इथला टॅक्स आला. महाराष्ट्रात आयात केलेल्या गाडीला मूळ दर २० टक्के आहे, आणि बॉक्स्टर, टीटी, झेड४, मस्टँग या सगळ्या आयातच. बेळगावची गाडी चार लाखांनी स्वस्त दिसते तेव्हा जुन्या गाडीला नेमका किती टॅक्स बसेल ते आरटीओत आधी काढून घ्या. पुदुच्चेरी पासिंगच्या महागड्या गाड्यांचा पत्ता आणि टॅक्स दोनदा तपासा. कंपनीनं भारतात कधी विकलीच नाही अशी गाडी असेल तर कस्टमची बिल ऑफ एंट्री बघितल्याशिवाय पुढं जाऊ नका. दोन लाख किंवा जास्त रक्कम रोखीनं घेता येत नाही, तेव्हा इसारासकट सगळं बँकेतून.

भाव आणि पहिला महिना

टायर, बॅटरी, सगळी तेलं, कूलंट, ब्रेक ऑइल, पट्टे, स्पार्क प्लग, फिल्टर यांची कोटेशन घ्या आणि ती बेरीज भावातून वजा करायला सांगा. ‘रनिंग कमी आहे’ या उत्तरावर ही यादी विक्रेत्यासमोर ठेवा. यातली प्रत्येक वस्तू नुसती किलोमीटरवर नाही, वर्षांवरही खराब होते.

गाडी घरी आली की ही कामं आधी, मगच जोरात चालवणं. पहिले ५०० किलोमीटर हळूहळू वाढवत न्या, मग ऑइल पुन्हा बदला, कारण सुटलेला मळ त्यात उतरलेला असतो. नंतर आठवड्याला एकदा तरी २०-२५ किलोमीटर, इंजिन पुरतं तापेपर्यंत. जून ते सप्टेंबर प्लास्टिकचं कव्हर घालू नका, आत घाम धरतो. हवा खेळणारं कापडी कव्हर, बॅटरीला ट्रिकल चार्जर (बारीक करंटनं ती भरलेली ठेवणारा), टायरमध्ये तीन-चार पीएसआय हवा जास्त आणि टाकी भरलेली. गाडी धुतली तर लगेच झाकून ठेवू नका. आधी दोन किलोमीटर ब्रेक मारत फिरवून डिस्क कोरड्या करा.